बत्तीस सेटिंगची गाडी

काही माणसं स्वस्त वस्तू विकत घेत नाहीत, जिंकून आणतात. तुमच्या ओळखीत असा एक तरी गृहस्थ असेलच. नसेल, तर आरशात बघावं.

आमचा हा गृहस्थ एका कारखान्याच्या खरेदी खात्यात होता. साधं खोडरबर घ्यायचं झालं तरी तो तीन दुकानांतून दर मागवायचा आणि सगळ्यात कमी दराच्या कागदावर टिचकी मारून म्हणायचा, "हा." म्हणून ऑफिसात त्याला कोटेशनराव म्हणत. त्याला ते आवडायचं. त्याने आणलेल्या खुर्च्यांवर बसणारी मंडळी दुपारपर्यंत पाठ धरून उठायची, पण पाठीचा रकाना कुठल्याच कोटेशनात नसतो.

या कोटेशनरावांच्या घरी अडचण आली ती थोरल्या बहिणीच्या खुब्यामुळे. ताई शिंपीकाम करायची. चौकातल्या आपल्या दुकानात तीस वर्षं उभी राहून तिने कापड कापलं, आणि एक दिवस उजव्या खुब्याने संप पुकारला. सांधा बदलला. एकटी कशी राहणार, म्हणून भावाने तिला आपल्या घरी आणलं. माणूस प्रेमळ होता, त्यात शंका नको. फक्त त्याचं प्रेमही कमीत कमी दराचं असायचं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्या. फार खाली बसवू नका, धक्का बसू देऊ नका. नवा सांधा निखळला तर पुन्हा ऑपरेशन."

ताईला घाई होती. एका बँडवाल्याने चौदा कोटांचं काम तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. महिनाअखेर दुकान उघडलं तर काम तिचं. शिवण बसून होते, पण कापड उभं राहूनच कापावं लागतं. ताईला परत तिच्या टेबलापाशी उभं राहायचं होतं. बाकी काही नको होतं.

घर ते व्यायामाची जागा, या वाटेवर अकरा गतिरोधक. गाडी जुनी, शॉकअप बसलेले. प्रत्येक गतिरोधकाला ताईच्या तोंडून "हं" असा बारीक आवाज यायचा. जाऊन-येऊन बावीस हं.

"मेस्त्रींना दाखवा गाडी," बायको म्हणाली. "मला नाही ऐकवत ते."

मेस्त्री म्हणजे नाक्यावरचा म्हातारा कारागीर. उभा जन्म गाड्यांच्या खाली आडवा पडून काढलेला. त्याने पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर दोन्ही हात ठेवले, गाडी दाबली आणि सोडली. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली.

"चांगल्या गाडीने एकदा वर यावं, एकदा खाली जावं आणि गप्प बसावं," मेस्त्री म्हणाला. "तुमची गप्पा मारत बसते."

"मग काय करायचं?"

मेस्त्रीने एक खोकं उघडून दाखवलं. आत अॅडजस्टेबल सस्पेन्शनचा संच होता. उंची वाढवता येते, म्हणजे ताईंना खाली वाकून बसायला नको. वरच्या बटणाने गाडी नरम-कडक करता येते. आठ पायऱ्या. मेस्त्रीने बटण फिरवलं. टक. टक. प्रत्येक पायरी बोटाला कळत होती.

कोटेशनरावांनी किंमत ऐकली आणि खिशातून फोन काढला. "हे बघा. एक तृतीयांश किमतीत. आणि यात सेटिंग किती? बत्तीस. तुमच्यात आठच."

"बत्तीस दात कवळीलाही असतात. प्रश्न चावण्याचा आहे."

"म्हणजे महाग तेच चांगलं?"

"असं कुठं म्हणालो? महागातही भुसा भरून विकतात लोक. पण हे उघडून दुरुस्त होतं, याचं सील बदलून मिळतं, बिघडलं तर कुणाला विचारायचं ते मला माहीत आहे. तुमच्या फोनमधल्याला कुणाला विचारणार?"

"तीनशे लोकांचे रिव्ह्यू आहेत."

"रिव्ह्यू गाडीखाली येऊन झोपत नाहीत साहेब." मेस्त्रीने हात पुसले. "बजेट नसेल तर लाज नको. साधे शॉकअप घाला. वर-खाली न होणारे, पण खरे. ताईंना एक उशी द्या. ते चालेल. पण स्वस्तातलं अॅडजस्टेबल नको. मी ते बसवणार नाही."

कोटेशनराव हसले. धंदेवाला माणूस, असंच बोलणार. त्यांनी संच मागवला आणि दुसऱ्या गॅरेजात बसवून घेतला.

संच सोनेरी रंगाचा होता. सोबत माहितीचा कागद होता, कुठल्याशा यंत्राने मराठीत आणलेला. त्यात लिहिलं होतं : 'बटण उल्हासाने फिरवावे. पाय बळकट वाटल्यास थांबावे.' कोटेशनरावांनी दहापर्यंत उल्हासाने फिरवलं आणि थांबले. बटण लोण्यातून फिरल्यासारखं गुळगुळीत फिरत होतं. टक नाही की टुक नाही. "किती स्मूथ आहे बघ," ते बायकोला म्हणाले.

पहिल्या दिवशी गाडी पहिल्या गतिरोधकावरून उतरली आणि मान डोलवायला लागली. डोलतच राहिली. फुटपाथवरून जाणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना वाटलं, गाडी आपल्याला नमस्कार करतेय. त्यांनी सभ्यपणे मान लववली. गाडीने परत लववली. मास्तरांनी पुन्हा. असं चारदा झालं. पुढे दर फेरीला व्हायला लागलं. गृहस्थ इतका विनयशील असेल असं वाटलं नव्हतं, असं मास्तर चारचौघांत म्हणाले.

ताईने त्या दिवशी बावीसच्या बावीस हं केले.

"दहावर आहे ना, म्हणून," कोटेशनराव म्हणाले. "उद्या चौदावर ठेवतो."

पुढच्या फेरीच्या आधी ताई म्हणाली, "अरे, सीटचं कव्हर फार फाटलंय. नवं शिवून देते. बसल्याबसल्या तेवढंच काम." कव्हर छान झालं, मागे चेन लावलेलं. त्या दिवशी गाडी चौदावर होती. हं आले फक्त पंधरा.

"आता कसं वाटतंय?"

"बरं आहे रे. पहिल्यापेक्षा बरं."

मग काय! अठरावर हं झाले बारा. बावीसवर सात. कोटेशनरावांनी ऑफिसात बसून तक्ता केला : डावीकडे सेटिंग, उजवीकडे ताई. एकदा तर ताईचं डोकं गाडीच्या छताला टेकलं. "बघितलंस? उंचीसुद्धा वाढली." ते इतके खूश झाले की त्यांनी पाच तारे देऊन रिव्ह्यू लिहिला : 'माझ्या बहिणीचा खुबा आपला ऋणी आहे.' एकसष्ट लोकांना तो उपयुक्त वाटला.

बायको मात्र एकदा म्हणाली, "घरी आल्यावर ताई अर्धा तास भिंत धरून का उभ्या असतात?"

"व्यायाम चांगला होतोय त्यांचा."

"आणि गाडी डावीकडे का कललीय? खांबापाशी उभ्या राहिलेल्या कुत्र्यासारखी दिसतेय."

"स्पोर्टी लुक आहे तो."

गाडी आता बदकासारखी ओरडायलाही लागली होती. ताईला विचारलं तर ती म्हणायची, "चालतंय. मला काही त्रास नाही."

महिना संपायला आठ दिवस होते. सेटिंग अठ्ठावीस, हं फक्त दोन. शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई हातात 'थांबा' लिहिलेली गोल पाटी घेऊन मुलांना रस्ता पार करून द्यायची. त्या सकाळी तिने पाटी वर केली. कोटेशनरावांनी ब्रेक दाबला. गाडीने नाक जमिनीकडे खुपसलं, खालून खाडकन आवाज झाला आणि पुढचा डावा कोपरा खाली बसला. चाक वरच्या पत्र्यात अडकलं. गाडी तिरकी झाली आणि पट्ट्यांवर घसरत गेली.

बाईने दोन मुलांना दंडाला धरून मागे ओढलं. पाटी तिच्या हातातून सुटली आणि चाकाखाली गेली. कडकन.

गाडी थांबली तेव्हा बाईचा गुडघा आणि गाडीचा दिवा यांच्यात वीतभर अंतर होतं.

शेजारी ताई सीटवरून पुढे घसरून पट्ट्यात अडकली होती, आणि तिचा उजवा गुडघा समोर आपटला होता. चेहरा पांढराफटक.

"ताई, लागलं का?"

"नाही रे. काही नाही. चालेल."

बाई खिडकीपाशी आली. मोडलेली पाटी तिने उचलून आणली होती. "तुमचं चालेल हो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "माझ्याकडे एकशे नव्वद मुलं आहेत. ती तुमची गाडी बघून रस्ता ओलांडत नाहीत. पाटी बघून ओलांडतात. गाडी थांबणार, असं त्यांना मी सांगितलेलं असतं."

गाडी मात्र पुढच्या उजव्या पायावर अजून हळूहळू मान डोलवत होती.

ताईला रिक्षाने दवाखान्यात नेलं. सांधा निखळला नव्हता, पण सूज होती. तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही. म्हणजे महिनाअखेर गेली. दुपारी बँडवाल्याचा फोन आला. "बरं," एवढंच ताई म्हणाली आणि तिने उशाजवळची मापाची टेप गुंडाळून डब्यात ठेवली.

कोटेशनराव गाडी टोचन करून मेस्त्रीकडे घेऊन गेले. सोबत बायको होती, त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती. मेस्त्री गाडीखाली गेला. गाडीची उंची धरणारी स्प्रिंगखालची रिंग आटे सोडून घसरली होती. तेल केव्हाच गळून गेलं होतं. मग त्याने सोनेरी नळकांडं बाहेर काढलं, वरचं बटण उपटलं आणि कोटेशनरावांच्या तळहातावर ठेवलं.

"हे कशाला जोडलेलं होतं?" कोटेशनरावांनी विचारलं.

"कशालाच नाही. नुसतंच फिरायचं. बत्तीस कशाला, तीनशेवर नेलं असतं तरी चाललं असतं."

"शक्य नाही. दर फेरीला फरक पडत होता. माझ्याकडे तक्ता आहे. बावीसचे दोन झाले."

"बावीस काय?"

"हं."

मेस्त्रीने बायकोकडे बघितलं. बायको पुढच्या सीटपाशी गेली, कव्हरची चेन ओढली आणि आतून गादी बाहेर काढली. कपड्यांच्या तुकड्यांची, टाचून टाचून एकावर एक चढवलेली. पांढरा थर, निळा थर, चौकटीचा थर. तिने बोटाने मोजले. सात होते.

"दर फेरीला एक," ती म्हणाली. "तुम्ही बॉनेट उघडून बटण फिरवत होतात ना, तेव्हा त्या इकडे चेन उघडत होत्या. मी आज सकाळी बघितलं. विचारलं तर म्हणाल्या, त्याने एवढ्या हौसेनं आणलंय, कशाला बोलायचं."

गॅरेजात कुणीतरी पाना ठेवल्याचा आवाज झाला. कोटेशनराव एका हातात बटण आणि दुसऱ्या हातात गादी घेऊन उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी दर तपासले होते, आणि ही एक वस्तू कुठल्याच कोटेशनात आली नव्हती!

"मग गाडीत अॅडजस्ट काय होत होतं?" ते पुटपुटले.

"ताई," मेस्त्री म्हणाला. "स्वस्तातलं अॅडजस्टेबल असंच असतं साहेब. वस्तू हलत नाही, माणसं सरकून घेतात. जे कुणाकडे आश्रयाला असतं, ते सगळ्यात जास्त सरकतं. तुम्ही विचारलं असेल, 'कसं वाटतंय?' पण असं विचारलं असेल की 'छान' सोडून दुसरं उत्तर देणं म्हणजे भांडण."

"मला कुणी सांगितलं असतं तर..."

"मेस्त्रींनी सांगितलं होतं. मी सांगत होते. गाडी तर बदकासारखी ओरडून सांगत होती," बायको म्हणाली.

कोटेशनराव गॅरेजातल्या स्टुलावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी फोन काढला. मेस्त्रीला वाटलं, आता दुसरीकडचा दर बघणार. पण ते आपला रिव्ह्यू खोडत होते. नवीन लिहिला : 'बटण कशालाही जोडलेलं नाही. शाळेसमोर गाडी वेळेत थांबली नाही. माझ्या आधीच्या शब्दांवर ज्यांनी हे घेतलं असेल त्यांनी काढून टाकावं. चूक माझी.' तो कितीजणांना उपयुक्त वाटला, हे त्यांनी नंतर बघितलं नाही.

शाळेसमोरच्या बाईंना त्यांनी नवी पाटी नेऊन दिली. या वेळी तीन दुकानं फिरले, पण दर विचारायला नाही. लांबून अक्षरं कुठल्या पाटीची नीट दिसतात, ते बघायला. बाईंनी पाटी घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "बरी आहे. आता गाडी कशी आहे ते सांगा."

तीन आठवड्यांनी ताई उठली. चौदा कोट दुसऱ्या कुणीतरी शिवले होते. गाडीत मेस्त्रीचा आठ पायऱ्यांचा संच होता. मेस्त्रीने चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून गाडी दाबली. एकदा वर, एकदा खाली, गप्प.

पहिला गतिरोधक आला. गाडी उतरली. फुटपाथवरून मास्तरांनी सवयीने मान लववली आणि उत्तराची वाट बघत राहिले. गाडी शिष्टासारखी सरळ निघून गेली.

कोटेशनरावांनी पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. "ताई, कसं वाटतंय ते विचारत नाही. काय खुपतंय ते सांग."

"काही नाही रे," ताई म्हणाली. जन्मभराची सवय अशी एका रस्त्यात सुटत नाही. मग ती म्हणाली, "कडक आहे. दोन कमी कर."

"बरं."

"आणि वळणावर तू घाई करतोस. आणि तुझ्या घरातली ती खुर्ची, जी तू सेलमध्ये आणलीस, तिच्यात बसलं की माझी पाठ मोडते."

कोटेशनराव खाली उतरले आणि बॉनेट उघडून त्यांनी बटण फिरवलं. टक. टक. आत बसलेल्या ताईला ते ऐकू आलं असावं, कारण ती खिडकीतून म्हणाली, "अजून एक."

टक.

मंडळी, हात आखडला असेल तर साधी वस्तू घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण जी वस्तू स्वतःचं काम करत नाही, तिचं काम घरातलं कुणीतरी आपल्या हाडांवर करत असतं, आणि रस्त्यावर ते कुणा परक्याच्या मुलाच्या वाट्याला येतं. तेव्हा काही जिंकून आणलं, की घरातल्या सगळ्यात गप्प माणसाशेजारी जाऊन बसावं. आणि त्याने तक्रार केली, तर ती कौतुकासारखी ऐकून घ्यावी.