एलिफाजचं गिरमिट

"वापरलं? वापरलं म्हणजे काय साहेब, झिजवलं," एलिफाज रूट म्हणाला आणि खुर्चीत आणखी ताठ बसला.

गावातल्या खाणावळीची मोठी खोली त्या दिवशी साक्षीसाठी मोकळी केली होती. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. कोर्टाचा लेखनिक टाक बुडवून एकेक शब्द उतरवून घेत होता आणि आतून सफरचंदाच्या पायचा वास येत होता. इथमार पेक शेगडीजवळ बसला होता. दावा त्याचा, शोध त्याचा आणि साक्षीदारही त्याचाच. तोच साक्षीदार, लहानपणापासूनचा जिवलग, आता त्याचा गळा कापत होता, आणि तेही अगदी पोटतिडकीने.

"केव्हापासून वापरता म्हणालात?" हत्यारं बनवणाऱ्या प्रतिवादी कंपनीच्या वकिलाने मऊ आवाजात विचारलं. चांगला माणूस असावा तो. निदान आवाज तरी चांगला होता.

"अठराशे सत्तर सालच्या जूनपासून. चर्चच्या डीकन ऑर्कटचं कोठार उभं केलं त्या दिवसापासून. खोटं वाटत असेल तर चला दाखवतो, तुळईवर तारीख कोरली आहे. मीच कोरली आहे."

इथमारचा वकील वेदरेल याने डोळे मिटले आणि नाकाचा शेंडा चिमटीत धरला.

आदल्या दिवशी याच वेदरेलने इथमारला समोर बसवून लहान मुलाला समजवावं तसं समजावलं होतं. कंपनीचं म्हणणं, हे चक, म्हणजे गिरमिटाचं बिट धरणारं तोंड, त्यांच्या मुकादमाने बहात्तर सालच्या शरदात काढलं. तेव्हा त्याआधी ते तुमच्याकडे होतं हे दाखवायला साक्षीदार हवा. ठीक. पण कायद्यात दुसरंही एक कलम आहे. तुम्ही अर्ज केलात त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात. अर्जाच्या दोन वर्षं आधीपासून जर ती वस्तू लोक उघडपणे वापरत असतील, तर ती सगळ्या जगाची झाली, तुमची राहिली नाही. मग तुम्ही ती काढलीत हे साक्षात देवाने येऊन सांगितलं तरी पेटंट रद्द.

"म्हणजे तुमच्या मित्राने इतकंच सांगायचं," वेदरेल म्हणाला होता, "सत्तर साली तुमच्या शेडमध्ये ते पाहिलं. पाहिलं. वापरलं हा शब्द काढायचा नाही. कोणी विचारलंच, तर नक्की आठवत नाही म्हणायचं. तेवढं जाऊन सांगून या."

इथमार सांगायला गेला होता. संध्याकाळी एलिफाजच्या दारात उभा राहिला, तर स्वारी स्वयंपाकघरात आपल्या लग्नातल्या काळ्या कोटाला ब्रश मारत बसलेली. "ये गड्या," तो म्हणाला, "उद्या बघ त्यांची कशी जिरवतो. रात्रभर तारखा घोकणार आहे. एकही चुकायची नाही." चाळीस वर्षांत या माणसाने वीतभर फळीचंसुद्धा माप खोटं सांगितलं नव्हतं. त्याला काय सांगायचं, की उद्या देवाची शपथ घे आणि विसर? इथमार एक पेला सायडर प्यायला, पावसापाण्याचं बोलला आणि घरी परतला. सांगितलं तर आई मार खाते, नाही सांगितलं तर बाप कुत्रं खातो, अशातली गत.

"मिस्टर रूट," कंपनीचा वकील म्हणाला, "पेकनी ते तुम्हाला तपासून बघायला उसनं दिलं होतं का?"

"उसनं? दिलं साहेब, कायमचं दिलं. एक सेंट घेतला नाही. आणि मला एकट्याला नाही, नऊ जणांना दिली. आमच्यात असंच असतं. मी त्याच्या शेडला छप्पर घातलं, त्याने मला गिरमिट दिलं."

"कोणाला दाखवू नका, असं काही?"

"चोरीचा माल होता की काय? अहो, अख्ख्या गावाने हाताळलंय ते. पलीकडच्या गावचे सुतार खास बघायला यायचे."

"पण अजून कच्चं होतं, सुधारायचं होतं, असं पेक म्हणायचे ना?"

इथे एलिफाज खरोखर दुखावला. "कच्चं? इथमार पेकच्या हातचं काम कच्चं? पहिल्या दिवशी जसं होतं तसंच आज आहे साहेब. कानशीचा एक हातसुद्धा त्यावर पुन्हा फिरवावा लागला नाही. लिहून घ्या तुम्ही."

लेखनिकाने लिहून घेतलं.

"शेवटचं. त्यावर बनवणाऱ्याचं नाव होतं का?"

"नव्हतं," एलिफाज म्हणाला आणि पहिल्यांदाच किंचित ओशाळला. "नाव टाकायचं राहूनच गेलं त्याचं. फार लाजाळू आहे तो."

इथमारने बुटांकडे बघत सगळं ऐकलं. राग आणावा म्हटलं तरी कोणावर आणायचा? आपलेच दात, आपलेच ओठ.

* * *

आता हे गिरमिट म्हणजे काय एवढं, तर सांगतो. त्या काळी सुताराच्या गिरमिटात बिट, म्हणजे भोक पाडायचं पातं, धरायला नुसतं एक चौकोनी भोक असे. दर बिटाचं बूड वेगळ्या मापाचं, ते कानसून त्या भोकाजोगं करायचं. एकाचं बिट दुसऱ्याच्या गिरमिटात बसेल तर शपथ. बसलं तरी डुगडुगायचं. भोक पाडून वर ओढावं, तर गिरमिट हातात आणि बिट लाकडात. काहींना अंगठ्याने फिरवायचा स्क्रू असे, तो हिवाळ्यात बर्फात पडला की वसंतात सापडायचा.

इथमार गाड्या दुरुस्त करी. दिवसभर चाकं आणि आरे, आणि जेवण झालं की शेडमध्ये हे वेड. चार हिवाळे त्याने याच्यात घातले. आत समोरासमोर दोन पोलादी जबडे, प्रत्येकाला आतून खाच, आणि बाहेरून आटे पाडलेलं निमुळतं टोपण. टोपण हाताने फिरवलं की जबडे मिटायचे आणि कसल्याही बुडाचं बिट घट्ट धरायचे. इथवर छान. पण टोपण सैल केलं तरी जबडे उघडायचेच नाहीत, ठोकून काढावे लागायचे. कितीतरी प्रकारच्या स्प्रिंगा त्याने करून पाहिल्या. कुठल्या तुटायच्या, कुठल्या महिन्याभरात मरून पडायच्या.

शेवटी एका रविवारी, चर्चला जाताना, त्याची नजर बायकोच्या झग्याच्या घेरावर गेली. हिटीचा झगा तेव्हाच्या रिवाजाने पोलादी पट्ट्यांच्या पिंजऱ्यावर तोलून धरलेला असे. बग्गीत दाबून बसलं तरी उतरल्यावर पुन्हा घुमटासारखा फुगायचा.

"इतकी वर्षं झाली लग्नाला," हिटी पुढे सगळ्यांना सांगायची, "पहिल्यांदा हा माणूस माझ्याकडे असा टक लावून बघत होता. मला वाटलं, प्रेम उतू चाललंय. सोमवारी बघते तर पिंजऱ्याच्या दोन पट्ट्या गायब."

त्या पट्टीचा नखाएवढा तुकडा जबड्यांच्या मागे बसवला आणि टोपण फिरवताच ते आपोआप उघडले. हातमोजे घालूनसुद्धा बिट बदलता येई. इथमार त्या रात्री झोपला नाही. शंभरदा उघडून मिटून पाहिलं त्याने.

मग तेव्हाच का नाही अर्ज केला? सगळे हेच विचारतात. तो म्हणायचा, एक हिवाळा जाऊ दे, पोलाद थंडीत दगा देतं का बघू. मग म्हणाला, ओक लाकडात चाललं, मेपलमध्ये बघू. एखादी वस्तू आपण शोधली असं सरकारला लिहून द्यायचं, तर ती कसाला पुरती उतरली पाहिजे. अर्धवट काम वॉशिंग्टनला पाठवून हसं करून घ्यायचं नाही. असे तीन हिवाळे गेले. आणि कायदा म्हणत होता दोन. आमच्या त्या डोंगरातल्या माणसांना जो गुण म्हणून लहानपणी छड्या मारून शिकवतात, तोच त्याला नडला.

पेटंट हातात आलं तेव्हा त्याने एकच चैन केली. बॉस्टनहून अक्षरांचे पोलादी ठसे मागवले, अख्खी ए ते झेड डबी, गिरमिटावर नाव उमटवायला. आणि त्याच वसंतात कंपनीची गिरमिटं दुकानात आली. तेच जबडे, तेच टोपण, तीच पट्टी. दाव्याचा निकाल लागल्याशिवाय ठसे वापरायचे नाहीत असं त्याने ठरवलं. डबी तशीच फळीवर राहिली.

* * *

निकालाचं पत्र पुढच्या एप्रिलमध्ये आलं, रस्त्यांचा पार चिखल झाला होता तेव्हा. शनिवार होता. भट्टीत मडक्यात घेवडे शिजत होते. वेदरेलने लिहिलं होतं ते थोडक्यात असं, की शोध तुमचाच होता याबद्दल न्यायाधीशांना शंका नाही. पेटंट मात्र रद्द. निकालात रूट यांच्या साक्षीचा दाखला चार वेळा आहे. वरच्या कोर्टात जाण्यात अर्थ नाही. यापुढे कुठल्याही गिरमिटावर पेटंट हा शब्द उमटवू नये, तो गुन्हा होईल.

हिटीने पत्र दोनदा वाचलं आणि एप्रनच्या खिशात घातलं. रागावली की ती नवऱ्याला मिस्टर पेक म्हणायची.

"मिस्टर पेक, एलिफाजला तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"काय सांगायचं?"

"त्यानं काय करून ठेवलं ते. चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटलाय तो, माझ्या साक्षीनं त्या वकिलाची बोलती बंद झाली म्हणून. दर रविवारी ऐकते मी. माझ्या अंगाची आग आग होते."

"खरं तेच बोलला तो."

"खरं बोलला! दहा वर्षं रात्रीचा दिवस केलास. माझा झगा कापलास. आणि आता रस्त्यावरचा कोणीही बनवील ते, फक्त तू माझं म्हणायचं नाहीस. याला खरं म्हणतात?"

  शेडमध्ये जावं आणि ते सगळं सामान, जबडे, टोपणं, मोडक्या स्प्रिंगा, नदीत फेकून द्यावं असं इथमारला वाटत होतं. आणि फेकून तरी काय होणार होतं? बाहेर दुकानादुकानांत तेच टांगलं होतं.

"हिटी," तो शेवटी म्हणाला, "त्याला कळलं तर तो पुन्हा कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवणार नाही. ओळखतेस तू त्याला. एकाचं गेलं तेवढं पुरे."

तेवढ्यात अंगणातून हाक आली. एलिफाज गुडघाभर चिखल तुडवत येत होता आणि काखेत पोत्यात काहीतरी गुंडाळलं होतं.

"गड्या, जबड्याचा टवका गेला बघ," त्याने शेडच्या बाकावर पोतं सोडलं. "चूक माझीच. कोणाचं तरी वेडंवाकडं बिट घातलं. एरवी तुझं काम मोडणाऱ्यातलं नाही."

सहा वर्षांत हाताने काळंभोर झालेलं ते पहिलंच गिरमिट होतं. इथमारने ते खोललं. पट्टी अजून तशीच होती, हिटीच्या झग्यातली, चकचकीत. पेटंटाच्या वेळी केलेला एक जादा जबडा खोक्यात पडला होता. तो काढून त्याने कानसायला घेतला. एलिफाज पिंपावर बसून बडबडत होता. डीकनच्या घोडीबद्दल, पुलाच्या फळ्यांबद्दल. हिटी दारात येऊन उभी राहिली. तिचा हात एप्रनच्या खिशात होता.

"आणि निकाल? काही कळलं का?" एलिफाजने विचारलं. "मला एकच रुखरुख आहे बघ. त्या वकिलानं नावाचं विचारलं आणि मला नाही म्हणावं लागलं. तेवढंच एक उणं राहिलं आपल्या बाजूला. बाकी मी काही कमी ठेवलं नाही, हो ना?"

हिटीने नवऱ्याकडे पाहिलं. इथमारची कानस थांबली.

"नाही," तो म्हणाला. "तू काही कमी ठेवलं नाहीस."

हिटी खिशात हात तसाच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "एलिफाज, घेवडे झालेत. जेवूनच जा," आणि आत गेली. तिच्या पाठीकडे बघून एलिफाज म्हणाला, "वहिनी आज गप्प गप्प?"

"दमली आहे."

"बरं, ते राहू दे. आता तरी नाव टाक. ते बॉस्टनचे ठसे काय पुजायला आणलेस? मी इथून हलायचा नाही नाव टाकल्याशिवाय."

इथमारने जबडा बसवला, टोपण चढवलं. मग फळीवरची डबी खाली घेतली. दोन वर्षांत तिचं झाकण घट्ट बसलं होतं, हातोडीचा टोला द्यावा लागला. त्याने दिव्याजवळ अक्षरं निवडली, टोपण ऐरणीवर टेकवलं आणि पाठमोरा होऊन एकेक ठोका दिला. पाच ठोके. मग अंगठ्याने धूळ पुसून गिरमिट पुढे केलं.

एलिफाजने ते दाराच्या उजेडात धरलं. अक्षरांवरून बोट फिरवलं. ई. रूट.

"हे तर माझं नाव."

"हत्यार तुझं आहे."

"अरे, पण तुझं? एखादं अक्षर तरी टाकायचंस."

"जागा उरली नाही," इथमार म्हणाला आणि ठशांवर तेलाचा बोळा फिरवून ते एकेक करून डबीत परत लावू लागला.

 एलिफाजने बाकावरचं एक बिट उचललं, जबड्यात घातलं आणि टोपण फिरवलं. हाताने हलवून बघितलं. बिट जराही हललं नाही.