फेज एक झाला तेव्हा

मूल गावात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागे घर. दोन हजार एक साली मी नागपुरातून इंटरकॉमच्या दोन जोड्या आणल्या. वेगळी वायर ओढायची भानगड नाही. सेट प्लगमध्ये खुपसला की घरच्याच लाइनीतून आवाज जायचा. एक जोडी मी दुकानात आणि स्वयंपाकघरात लावली. दुसरी शेजारच्या रामाजीभाऊंना विकली. ते रिटायर लाइनमन, मला टेस्टर धरायला त्यांनीच शिकवलं. आता लकव्यानं खाटेवर पडलेले. एक सेट त्यांच्या खोलीत, दुसरा सून सीताच्या चुलीजवळ.

"बाहेर तर नाई ना जात आवाज?" त्यांनी विचारलं होतं.

"एकाच फेजवरच्या घरात आवाज जाते. तुमचा फेज अलग, माहा अलग. गॅरंटी माही," मी म्हणालो. मोठा शहाणा ना मी.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सीता सकाळीच बांधीवर जायची, म्हणून भाऊंचा दुपारचा डबा आमच्या घरून जाई. एका दुपारी त्यांच्या फेजची वीज गेली, माझी चालू होती. अशा वेळी आमच्याकडे कोणी वाट बघत बसत नाही. लाइन काढून चालू फेजवर टाकतात. मीही भाऊंची लाइन माझ्या फेजवर टाकली. त्यांचा पंखा फिरला आणि मी घरी येऊन जेवायला बसलो.

बायकोचे, मैनाचे, हात कामात असतात, म्हणून आमच्या स्वयंपाकघरातल्या सेटचं बोलायचं बटन दाबूनच ठेवलेलं असे.

"रामाजीभाऊचा डबा भरला, नेऊन द्या," मैना म्हणाली.

"किती दिवस भरशीन? म्हातारा मरत बी नाई, सुधरत बी नाई. खोलीत पाय ठेवला का घाण वास."

"असं बोलू नये जी."

"काऊन? खोटं बोलून राह्यलो का?" पुढे आणखी बोललो. ते सांगायची माझी हिंमत नाही.

डबा घेऊन गेलो. भाऊ खाटेच्या काठावर आले होते, चांगला हात बाहेर लोंबत होता. आणि खोलीतल्या सेटमधून मैनाच्या भांड्यांचा आवाज येत होता, अगदी स्पष्ट. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"भाऊ, मी..."

"ऐकाचं नव्हतं मले, हेमराज," ते म्हणाले. "बंद कराले पाह्यलं. प्लग भितीवर हाय. हात नाई पोचला."