फुल सेट

हेमंतला जुनी घड्याळं जमवायचा नाद होता. नाद असावा माणसाला, त्याच्या बायकोची, सुनिताची, त्याबद्दल तक्रार नव्हती. कुणी पत्ते कुटत बसतं, कुणी कोंबडे झुंजवतं. ह्यानं चावीची घड्याळं जमवली तर बिघडलं कुठं? पण नुसत्या घड्याळावर ह्याचं भागत नसे. त्याला घड्याळाचा मूळ डबा हवा आणि दुकानाचा शिक्का मारलेला गॅरंटीचा कागदही हवा. तिन्ही जमलं की त्याला म्हणायचं ‘फुल सेट’. मग जव्हारच्या घरातल्या काचेच्या कपाटात त्याची स्थापना व्हायची आणि मोबाइलवरच्या ग्रुपवर फोटो जायचा. तिकडून अंगठे यायचे. दिवसभर स्वारी त्या अंगठ्यांवर खूश.

आता तुम्हीच सांगा, इतक्या जुन्या घड्याळाचा डबा कुणाकडे असणार? म्हाताऱ्यांकडे. आणि म्हाताऱ्याच्या पेटीतला डबा बाहेर कधी निघणार? सुनिताला किळस यायची ती इथंच. जव्हार-मोखाड्यात कुठं कोण म्हातारा गेला, ह्याची खबर हेमंतला नातेवाइकांच्या आधी असायची. साखर-चहापावडर घेऊन हा दुःखाच्या घरी हजर. चेहरा इतका पडलेला, की घरच्यांनीच ह्याला पाणी द्यावं!

एकदा त्यानं तिलाही खोडाळ्याला नेलं होतं. रुपीआजीचा नवरा जाऊन पुरते दिवसही झाले नव्हते. इकडचं तिकडचं बोलून हेमंत हळूच म्हणाला, “आजी, बाबांच्या घड्याळाचा डबा असेल ना कुठं?” म्हातारीनं लगबगीनं पेटी उघडली. डब्यात नवऱ्यानं अर्धी ओढून विझवलेली बिडी होती. तेवढीच त्याची राहिलेली. हेमंतनं डबा दारात उलटा करून टकटक झाडला. बिडी अंगणात पडली. मग ह्यानं डब्यात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

“ओरिजिनल!” तो म्हणाला.

रुपीआजी बिडीकडे बघत होती. परत येताना सुनितानं गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला भडाभडा ओकली. “घाट लागला का गं?” हेमंतनं विचारलं. घाट! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो तो हाच, आणि आपण ह्याच्याच ताटात जेवतो, ह्या विचारानं तिला दोन घास गोड लागेनात.

आणि तिच्या स्वतःच्या बापाकडे काय होतं? फुल सेट.

तिचा बाप जैतू सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत शिपाई होता, घंटा द्यायचा. पहिल्या पगारात त्यानं जव्हारहून चावीचं घड्याळ आणलं आणि ते जन्मभर मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलं. नागली कापताना काचेला इळा लागू नये म्हणून. डबा चुलीवरच्या आढ्याला खोचलेला. त्यात तळाशी कागद आणि वर काकडीचं बी. धुरानं बियाला कीड लागत नाही. हेमंत सासुरवाडीला आला की भाकरी खाता खाता ह्याचे डोळे वर आढ्याला. एका दिवाळीला न राहवून म्हणालाच, “मामा, डबा मला द्या. जपून ठेवतो.”

“जपूनच हाय तो,” जैतू म्हणाला. “आन बी कशात ठेवू मंग? तुमच्या खिशात?”

सगळा पाडा हसला होता. हेमंतही हसला, पण नुसत्या दातांनी.

ह्या उन्हाळ्यात जैतूनं अंथरूण धरलं तेव्हा सुनिता पाड्यावर जाऊन राहिली. रोज सकाळी बापाच्या हातातल्या घड्याळाला चावी द्यायचं काम तिचं. किर्र किर्र आवाज आला की म्हातारा डोळे न उघडताच हसायचा. पाड्यात रीत अशी, की माणसाच्या रोजच्या हातातली वस्तू त्याच्यासंगं मातीत द्यायची. कुणाचा कोयता, कुणाची तंबाखूची पिशवी. आणि ती द्यायची लेकीनं.

“घड्याळ माझ्यासंगं दे, सुनी,” जैतू एकदा म्हणाला. “तुझ्या हातानं बांध. तुझ्या दादल्याचा हात नको लागू देऊ त्याला.”

“नाही लागू देणार, बाबा,” तिनं शब्द दिला.

आणि एके दिवशी जैतू सकाळीच गेला. हेमंत जव्हारहून गाडी घेऊन आला. पाड्यावरची विहीर केव्हाच आटलेली. आंघोळ घालायची तरी पाणी पार खालच्या झऱ्यावरून आणायचं. बायका हंडे घेऊन निघाल्या, बाप्ये खड्डा खणायला गेले. मयताजवळ कुणीतरी बसायला हवं.

“मी बसतो मामांजवळ,” हेमंत म्हणाला. “तू जा. तुझ्या हातचं पाणी मिळू दे त्यांना.”

सुनिताला भरून आलं हो! उतरणीवर पदरानं डोळे पुसत ती गंगीआत्याला म्हणाली, “मी उगाच वाईट बोलते ह्यांना. माणूस आहेत शेवटी.” गंगीआत्या, जैतूची बहीण, हंडा कमरेला सावरत पुढं चालली.

पाणी आलं. “भिजायला नको,” म्हणून हेमंतनं घड्याळ आधीच काढून खिशात ठेवलं होतं. म्हाताऱ्याला आंघोळ घातली, नवं कापड घातलं. भावकीतला वडीलधारा सोम्याकाका म्हणाला, “सुनी, वस्तू दे.” हेमंतनं खिशातून घड्याळ काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

सवयीनं तिनं आधी चावी फिरवली. किर्र नाही, काही नाही. चावी गरागरा मोकळीच फिरली. तिनं नीट पाहिलं. तबकडी तशीच पांढरी, पट्टा तसाच काळा, पण काटा टुणटुण उड्या मारत होता. बाबांचा काटा सरकत जायचा. हे सेलवरचं, बाजारातलं, कोरं.

तिनं वर आढ्याकडे पाहिलं. डबा नव्हता. दारात कोंबड्या काहीतरी वेचून खात होत्या. काकडीचं बी.

म्हणजे बापाचं अंग गार होतंय, लेक खाली झऱ्यावर गेलीये, आणि हा चुलीवर चढून डबा झाडतोय! आणि तसंच दिसणारं घड्याळ काय वाटेत उगवलं? ते आधीच घेऊन ठेवलेलं. म्हातारा जिवंत असताना. शी! शी! शी! अंगावर पाल पडावी तशी ती शहारली.

“अहो, बाबांचं घड्याळ कुठाय?”

“हे काय, तुझ्या हातात.”

“हे नाही.”

हेमंतनं तिला कोपराला धरून बाजूला घेतलं. “अगं हळू. मातीत गंजून जाईल गं ते. माझ्याकडे राहिलं तर मामांचं नाव राहील. कागदावर शाईनं नाव आहे त्यांचं, माहितीये? असा सेट अख्ख्या ग्रुपमध्ये कुणाकडे नाही!”

सुनितानं हात झिडकारला आणि सरळ गाडीकडे गेली. पुढच्या खणात, मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला डबा होता. बापाच्या चुलीची काजळी चकचकीत पुसलेली. आत घड्याळ, खाली कागद. अख्खा पाडा बघत उभा. मागून हेमंत पळत आला. आता तरी ह्याची मान खाली जाईल असं वाटलं असेल तुम्हाला? छे!

“बरं बरं, घड्याळ ने,” तो कुजबुजला. “पण डबा आणि कागद ठेव ना! ते कशाला मातीत? माझ्याकडे एक बिनडब्याचं आहे, ते बसेल त्यात.”

बापाच्या डब्यात, बापाच्या नावावर, दुसऱ्याच कुणाचं तरी घड्याळ! सुनिताला वाटलं, आता पुन्हा ओकारी येणार. पण आली नाही. सगळं कसं आतून कोरडं झालं होतं.

ती बापाजवळ बसली. चावी दिली. किर्र किर्र. शांत घरात सगळ्यांना ऐकू आलं. काटा सरकू लागला. तिनं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलं. कागद डब्यात तसाच ठेवला. मग अंगणात जाऊन कोंबड्या हाकलल्या, धुळीतलं उरलंसुरलं बी वेचून डब्यात घातलं, आणि डबा बापाच्या कुशीला ठेवून वर चादर ओढली.

“बी कशाला गं?” सोम्याकाकानं विचारलं.

“त्यांचंच आहे, काका.”

मग ती उठली आणि बाजारातलं ते कोरं घड्याळ तिनं हेमंतच्या हातात कोंबलं. जन्मात नवऱ्याला अरे-तुरे न केलेली बाई, सगळ्यांदेखत म्हणाली, “हे नीट जपून ठेव. ह्याचा डबा आणि पावती असेलच तुझ्याकडे. तुझी वेळ आली की मी हेच बांधीन.”

माणसांनी जैतूला उचललं. हेमंत घड्याळ मुठीत धरून दारात उभा होता. बायकोनं चारचौघांत काय ऐकवलं, ते ह्याच्या कानात शिरलं होतं की नाही कोण जाणे. तो चादरीकडे बघत होता, जिथं डब्याचा उंचवटा आला होता तिकडे.