लोंबेंच्या तळ्यावरची चाळण

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. लुआन्शा या तांब्याच्या खाणींच्या गावात, बाजारातल्या एका कारागिराने तेलाच्या डब्याची कड कापून तिच्यावर तारेची जाळी ठोकली आणि मला घडवले. कासोंदेच्या आईने मला घरी आणले; तिकडे बाईला लेकराच्या नावानेच ओळखतात. तेरा वर्षे मी तिचे मक्याचे पीठ चाळले. पिठात किडा किंवा खडा असणारच, असे धरून मी कामाला लागत असे. त्यामुळे माझा स्वभाव संशयी झाला, तो अजून तसाच आहे. त्या पिठाच्या उकडीला, न्शिमाला, पाहुणे नावाजत तेव्हा मला फार अभिमान वाटे. पुढे जाळी एका बाजूने उसवली आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन पडले. कुणी विचारीना. मला वाईट वाटले.

मग कासोंदेचे वडील, लोंबे, खाणीतून निवृत्त झाले. त्यांनी परसात तळे खणून मासे सोडले. महिनाभरात पाणी शेवाळाने हिरवेगार झाले. तेव्हा माझी आठवण झाली. मला काठीला बांधून शेवाळ काढायला जुंपले. आज काढावे, तर परवा पुन्हा तेवढेच. मासे वर येऊन तोंडे वासू लागले. कुणीतरी पाण्यात काहीतरी टाकत असणार, असे लोंबेंना वाटले. मलाही वाटले. आम्हा दोघांची नजर कुंपणापलीकडच्या जेरेवर गेली.

लोंबे बेंबा आणि जेरे न्गोनी. या दोन जमातींनी एकमेकांना वाटेल ते बोलावे आणि कुणी रागवू नये, अशी पूर्वापार रीत. खाणीत तीस वर्षे बरोबर काम केलेल्या या दोघांनी एकमेकांना कधी नावाने हाक मारली नव्हती.

"काय रे उंदीरखाऊ, माझ्या तळ्यात काय टाकलंस?" लोंबेंनी विचारले.

"विष टाकलंय, माकडखाऊ," जेरे म्हणाला. "तुझे मासे मेले की रडायला मीच येणार. जेवून जाणार."

एरवी लोंबे पोट धरून हसले असते. त्या दिवशी ते तडक घरात गेले. "ऐकलंस? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."

"अहो, भावजींनी थट्टा केली," कासोंदेची आई म्हणाली.

"थट्टेच्या आडूनच माणूस खरं बोलतो."

दुसऱ्या दिवशी जेरे कमळाची दोन रोपे घेऊन आला. पाण्यावर सावली पडली की शेवाळ कमी होईल, असे तो म्हणाला. लोंबेंनी रोपे कुंपणापलीकडे भिरकावली.

"जेरे, पुन्हा माझ्या परसात पाऊल टाकू नकोस."

नावाने मारलेली ती पहिली हाक. जेरे आल्या पावली परत गेला. त्याच्या अंगणातून येणारे टोमणेही बंद झाले. लोंबेंचे जेवण निम्म्यावर आले. मी मात्र कुंपणावर पहारा ठेवून होते.

एका सकाळी कासोंदेच्या आईने मला तळाशी फिरवले. माझ्या जाळीत काहीतरी पांढरे, बुळबुळीत अडकले. तिने ते बोटाने काढून हुंगले.

"ही माझी न्शिमा आहे. रोज संध्याकाळी ताट घेऊन इथं कोण बसतं?"

लोंबेंनी मान खाली घातली. "मासे माझ्याकडं बघत असतात. त्यांच्यासमोर एकट्यानं कसं खाऊ?"

तळाशी अन्नाचा कुजलेला थर साचला होता आणि त्यावर शेवाळ पोसले होते. मला लाज वाटली. तेरा वर्षे जे पीठ चाळले, त्याचीच न्शिमा माझ्या भोकांतून रोज जात होती, आणि मी कुंपणाकडे बघत होते.

लोंबे मला काठीसकट घेऊन जेरेच्या दारी गेले. जेरे शेंगा सोलत होता. शेजारी बादलीत ती दोन रोपे होती, ताजी.

"जेरे," लोंबे म्हणाले. त्याने मान वर केली नाही.

"उंदीरखाऊ," लोंबेंनी मला पुढे केले, "विष मीच टाकत होतो रे."

जेरेने आणखी एक शेंग सोलली. "वाटलंच मला. एवढी अक्कल माकडं खाऊनच येते. ती बादली उचल."

आता निम्मे तळे कमळाच्या पानांखाली असते. मासे ठीक आहेत, मलाही विश्रांती मिळते. मित्रांनो, माशांना लगेच संपवतील तेवढेच घाला. आणि शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी आपली चाळण एकदा उलटी करून बघा.

मी हे शिकले आहे. म्हणून रोज संध्याकाळी लोंबे ताट घेऊन तळ्याकाठी बसले, की मी कुंपणाकडे पाठ करून त्यांच्या उजव्या हातावर नजर ठेवते.