पायरीपासून खाटेपर्यंत

“आता ह्या भिंतींवर मी काय मोजू?” हातातला टेप मिटत प्रदीप म्हणाला. खालच्या आळीतली अकरा घरं त्याने पालथी घातली होती आणि अकराही घरं चुन्याने पांढरीफेक झाली होती.

“मग काय, गौरींना गाळ दाखवायचा?” अकराव्या घरातली सारिका फणकारली. “पूर आखाडात आला, तुमी उगवलात आता. आदी सांगितलं आसतं तर ठिवल्या आसत्या भिंती तशाच, तुमच्या दर्शनाला.”

तो ओशाळं हसला. पुण्यातल्या एका संस्थेत तो कामाला होता. इंद्रायणीचं पाणी कुठवर चढेल हे संगणकाकडून आधी ताडून घ्यायचं आणि तिथल्या लोकांच्या मोबाइलवर इशारा धाडायचा, हे त्यांचं काम. यंदा नदीपलीकडच्या मळ्यांना इशारा गेला होता. खालच्या आळीत एकही फोन वाजला नव्हता.

“उपग्रहाला ढगांतूनही खालचं दिसतं,” तो समजावू लागला. “पण मोकळं पाणी तेवढं काळं उमटतं. घरं दाटीची असली की मधलं पाणी कळत नाही. तुमची आळी फोटोत कोरडी दिसते, म्हणून संगणकही कोरडीच धरतो. भिंतीवरची खूण मिळाली तरच त्याची चूक सुधारता येईल.”

“म्हंजी भातखाचरं दिसली, माणसं न्हाई दिसली. भारीच की डोळे!”

शेजारच्या ओट्यावर विठाबाई गवार मोडत बसली होती. ती उठली. “माज्या घरात हाये खूण,” ती म्हणाली. “आमच्यात यंदा सण न्हाई.”

प्रदीप वाकून आत गेला. चारी भिंतींवरून गढूळ पाण्याची सरळ रेघ फिरली होती. कोपऱ्यात रिकामी लोखंडी खाट. डावी बाजू लुळी पडलेला विठाबाईचा नवरा त्या खाटेवर दोन वर्षं होता, आणि आषाढातल्या त्या दुपारी तिथेच गेला. रेघ खाटेच्या वर हातभर होती. प्रदीपने टेप लावला, आकडा टिपला, मग खाटेकडे पाठ करून विचारलं, “मावशी, पाणी पायरीला कधी लागलं आणि खाटेपर्यंत कधी आलं, आठवतं?”

“येकदमच आलं.”

हे वाक्य तिने दीड महिना सगळ्यांना सांगितलं होतं. भेटायला आलेल्या पाहुण्यांना, पंचनाम्याला आलेल्या माणसाला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावतानाही तिने तेच सांगितलं होतं, त्याने काही न विचारता.

“एकदम म्हणजे दहा मिनिटं धरू?” प्रदीप मोबाइलवर लिहू लागला. “मग अवघडच. पायरीला पाणी आल्यावर दहाच मिनिटं असतील, तर अंथरुणावरच्या माणसाला हलवायला वेळच नाही. संगणक तसंच धरून चालेल, आणि अशा माणसाला हलवा असं इशाऱ्यात सांगणारच नाही.”

दारात उभ्या असलेल्या सारिकाने वळून आपल्या घराकडे पाहिलं. तिची सासू गुडघ्यांनी अधू होऊन पलीकडच्या घरात खाटेवरच असायची.

विठाबाईने सारिकाकडे पाहिलं.

“दहा न्हाई,” ती म्हणाली. “खोडा ते. तास व्हता.”

“काकू?” सारिका म्हणाली.

“नवलाख उंबऱ्याला जानारी कंपनीची बस गेली, तवा पानी पायरीला व्हतं. दोनला जाती ती. मी ह्यांना म्हनलं, मान्सं बोलावते, उचलू तुमाला. तर हसले. म्हनले, आदी शेरडं ने सडकंला, मी काय पळून चाललोय व्हय? मी शेरडं नेली. बांदली. पाला टाकला.” तिचा आवाज चढला नाही की फुटला नाही. “वाटलं, पानी काय, पायरीवरनं माघारी जातं दरसाली. परत आले तवा तीन वाजलेले. आळीच्या तोंडाशी कमरंइतकं पानी, आन् चौघांनी मला धरून ठिवलं.”

बाहेर कुणाच्या तरी घरी फराळाचं तळण चाललं होतं. तेलाचा वास आत आला.

“दोन ते तीन,” प्रदीप हळूच म्हणाला आणि त्याने दहाचा आकडा खोडला. “माहिती देणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, मावशी. पण नको असेल तर नुसतं ‘शेजारी’ लिहितो.”

“लिवा नाव. बिननावाचं कोन खरं मानंल? विठाबाई.”

“पुढे?”

लग्नातल्या उखाण्याला एकेचाळीस वर्षं झाली होती. त्यानंतर ते नाव तिच्या तोंडी कधी आलं नव्हतं. मतदारयादीवाले आले, पंचनामेवाला आला, तरी शेजारपाजारचं कुणीतरी सांगायचं. आताही सवयीने सारिकाच पुढे झाली. विठाबाईने हात करून तिला थांबवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

“दत्तोबा,” ती म्हणाली.