ताईंना वाचून दाखवलेला प्लॅन

नणंद-भावजय मिळून कंपनी चालवतात म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग भावजयीची कीव करतात. ती करावी अशीच परिस्थिती होती. शहरातल्या एका डायलिसिस केंद्राच्या वेळापत्रकाचे सर्व्हर या दोघी घरातल्या पुढच्या खोलीतून सांभाळत. कोणत्या पेशंटनं कधी यायचं, कोणत्या मशीनवर, सगळं त्यात. भावजयीचे सासरे, म्हणजे ताईंचे वडील, आठ महिन्यांपासून त्याच यादीत होते.

ताईंचा नियम असा, की सर्व्हरला हात लावण्याआधी प्लॅन मोठ्यानं वाचून दाखवायचा. अख्खा. कोणते सर्व्हर हवेत, कोणता डेटाबेस हवा, हे एका फाइलीत लिहिलेलं असतं. फाइल बदलून कमांड दिली, की ती आधी नुसतं सांगते: नवं काय येईल, बदलेल काय, नष्ट काय होईल. हाच तो प्लॅन. मग विचारते, करू का? ‘येस’ टाइप केलं तरच पुढे जाते. हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतं. पण नाही, ताईंना ऐकायचं असतं.

आज तर घाई होती. सकाळी केंद्रातलं एक मशीन बंद पडलं, बत्तीस जणांच्या वेळा हलवाव्या लागल्या, आणि त्यांचे नातेवाईक एकदमच वेळापत्रक उघडून बसल्यानं ते रडतखडत चालत होतं. एक सर्व्हर वाढवला की काम झालं.

“ताई, वाचू का?”

“थांब, पाणी पिते.”

ताई पाणी प्यायल्या, त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची नीट केली. भावजय दातओठ खात बघत राहिली. या बाईला कशाचीच घाई कशी नाही, हा प्रश्न तिला लग्नापासून पडलेला होता.

“हं. पहिल्या ओळीपासून.”

एकशे चौदा ओळी होत्या. शाळेत पाढे म्हणावेत तशा तिनं त्या सुरात म्हणून टाकल्या. मध्येच आतल्या खोलीत सासरे खोकले, तरी ती थांबली नाही.

“नवे दोन, बदल शून्य, नष्ट एक.”

“बरोबर. कर आता.”

सुटले एकदाची, असं मनाशी म्हणत तिनं पहिली दोन अक्षरं टाइप केली आणि तिचा हात थबकला. नवे दोन? नष्ट एक? तिनं प्लॅन वर सरकवून पाहिला. नष्ट होणार होता तो सगळ्या वेळा साठवलेला डेटाबेसच.

करणी तिचीच होती. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचं नाव ‘टेस्ट-टू’ ठेवलं होतं, ते डोळ्यांत खुपायचं, म्हणून काल तिनं फाइलीत चांगलंसं नाव दिलं. नुसतं नाव बदललंय हे सांगणारी वेगळी ओळ लिहावी लागते, ती राहिली. कमांडनं सरळ अर्थ लावला: जुना पुसा, नवा कोरा आणा. बॅकअप काल रात्रीचा. आज हलवलेल्या बत्तीस वेळा त्यात नव्हत्या, आणि त्यांतली एक सासऱ्यांची होती.

तिनं ती अक्षरं पुसून ‘नो’ टाइप केलं.

“ताई, मी शेवटी काय वाचलं?”

“नवे, बदल, नष्ट. नेहमीचंच की.”

“नष्ट किती?”

ताई स्क्रीनकडे वाकल्या.

“डेटाबेस उडत होता. बाबांची वेळसुद्धा गेली असती. रोज माझं डोकं खाता, ओळ न् ओळ वाच म्हणता, आणि ऐकत नाही?”

ताईंनी चष्मा काढला. “बाबांचं सुरू झाल्यापासून लक्षच लागत नाही गं. तू वाचायला लागलीस की मी त्यांच्या वेळा मोजत बसते. म्हटलं, तू वाचते आहेस ना, मग काय काळजी.”

भावजयीला भयंकर राग आला होता. तो कुणावर काढावा हे मात्र तिला कळेना.

“अहो ताई,” ती म्हणाली, “मी कुठे वाचत होते? मी फक्त तुम्हाला ऐकवत होते.”