एका पिढीने हुकलं

सिरिलोने लॅपटॉप उलटा करून खालच्या जाळीवर जोरात फुंकर मारली, तसा धुळीचा लोट थेट चिपाच्या, चीज घातलेल्या पावांच्या, ताटलीवर जाऊन बसला.

"अहो, खायच्या वस्तूवर!" ओबदुलियाबाईंनी ताटली ओढून घेतली. "माझ्या वर्गात असता तर भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं."

"तुमच्या वर्गात असतो तर गणितात नापास होऊन केव्हाच घरी बसलो असतो, बाई."

शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळं विल्यारिका गाव त्यांना बाईच म्हणतं. त्या विधवा, सिरिलो विधुर. दर गुरुवारी बाईंचा लॅपटॉप रुसायचा आणि सिरिलो पिशवीत स्क्रूड्रायव्हर टाकून यायचा. कधी कधी लॅपटॉप मुळी रुसलेलाच नसे. त्याबद्दल दोघंही चकार शब्द काढत नसत.

आज मात्र काम खरं होतं. बाईंच्या मुलाचा, नेरीचा, राजधानी असुनसिओनहून फोन आला होता. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नव्हते, आणि आईची बँक, पेन्शन सगळं त्याच लॅपटॉपवर. नवी सिस्टीम त्यावर चालत असेल तर ठीक, नाहीतर तो कोरा लॅपटॉप पाठवणार होता. कोरा लॅपटॉप सहसा रुसत नाही, आणि रुसलाच तर दुरुस्तीला कंपनीचा माणूस येतो.

तपासणी सुरू झाली. मेमरीसमोर हिरवी खूण आली, डिस्कसमोरही आली. प्रोसेसरसमोर लाल फुली उमटली.

"सातव्या पिढीचा आहे," तो म्हणाला. "नव्या सिस्टीमला आठवी लागते."

"म्हणजे एका पिढीने हुकलं?"

"एकाच."

"मग आपण दोघं कितव्या पिढीचे म्हणायचे?" बाईंनी शिंगाच्या पेल्यात बर्फाचं पाणी ओतून तेरेरे, पानांचा तो थंड चहा, त्याच्यापुढे धरलं. "काहीतरी करून बसवता नाही का येणार?"

हो म्हणणं सोपं होतं. आडवाटेने सिस्टीम चढवता येते हे त्याला ठाऊक होतं, आणि मग तिच्या कुरबुरी निस्तरायला कितीतरी गुरुवार मिळाले असते. त्याने नळीने पेला तळापर्यंत संपवला.

"बसेल. पण पुढचे अपडेट येतील याची खात्री नाही, आणि तुमचं पेन्शन त्यावर. नेरीला सांगा, नवा पाठव."

बाई थोडा वेळ चिपावरची धूळ झटकत राहिल्या.

"पाठवू दे. पण ते नवं यंत्र मला शिकवणार कोण? मी पडले मठ्ठ. तुम्हाला दर गुरुवारी यावं लागेल, सांगून ठेवते."

अख्ख्या गावाला अपूर्णांक शिकवलेली बाई म्हणे मठ्ठ! सिरिलोला एकदम भरून आलं. पेला परत देताना तो कसाबसा म्हणाला, "आभारी आहे, बाई."

बाईंचा चेहरा उतरला. तेरेरेचा पेला परत देताना आभार मानले की त्याचा अर्थ एकच, पुरे झालं. त्यांनी थर्मासला झाकण लावलं.

"बरं. घाईत असाल."

"नाही हो!" सिरिलो खुर्चीतून अर्धा उठला. "ते आभार तेरेरेचे नव्हते!"

"मग कशाचे?"

सिरिलोचे कान लाल झाले. त्याने पेल्यासाठी नुसता हात पुढे केला. बाईंनी पेला भरून त्या हातात ठेवला, आणि आपला हात काही लगेच मागे घेतला नाही.